कांद्यांतील पुंवंध्यत्व आणि घरचें उळें

कांदा हें आपल्या श्रीगोंदा तालुक्यांतील मुख्य नगदी पिकांपैकीं एक होय. घोड व कुकडी यांच्या कालव्यांचें पाणी जेथें पोंचतें तेथें ऊस व लिंबू यांच्या बरोबरीनें कांद्याचीं रानें दिसतात. जेथें सारी भिस्त विहिरीवर, तेथेंहि चार वाफे उन्हाळ कांद्याचे असतातच. पोळ, रांगडा व उन्हाळ अशा तिन्ही हंगामांत हें पीक निघतें. भाव, खत, करपा व चाळ या विषयांवर शेतकरी मंडळी वारंवार बोलतात. परंतु ज्या उळ्यावर हें सर्व उभें आहे तें उळें निपजतें कसें, आणि संकरित म्हणून जें बियाणें विकलें जातें तें करितात कसें, याचा विचार फार थोडे करितात. आजच्या लेखांत आम्ही त्याच प्रश्नाचा विचार करणार आहों. विषय शास्त्रीय आहे खरा. पण त्याचा शेवट शेतकऱ्याच्या खिशाशीं येऊन पोंचतो, म्हणून वाचकांनीं तो धीरानें वाचावा अशी विनंति आहे.

कांद्याचें फूल

कांदा हें बियाण्याच्या दृष्टीनें दोन हंगामांचें पीक आहे. पहिल्या हंगामांत उळ्यापासून रोप व रोपापासून कांदा होतो. तो कांदा मातृकंद म्हणून पुन्हां लावला म्हणजे दुसऱ्या हंगामांत त्यास डेंगळे येतात, डेंगळ्याच्या टोंकास गोंडा येतो व त्या गोंड्यांत बीं धरतें. आपल्याकडे बियाण्यासाठीं मातृकंद साधारणपणें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत लावितात आणि उन्हाळा तापूं लागला म्हणजे गोंडे काढणीस येतात. एका गोंड्यांत शेंकडों फुलें असतात. तीं एकदम उमलत नाहींत. कांहीं आठवडे क्रमानें उमलत राहतात.

प्रत्येक फुलांत सहा पुंकेसर व मध्यें एक स्त्रीकेसर असतो. पुंकेसराच्या टोंकास परागकोश असून त्यांत पराग, म्हणजे पिवळी भुकटी, तयार होते. स्त्रीकेसराच्या तळाशीं तीन खणांचा बीजाशय असतो. प्रत्येक खणांत दोन याप्रमाणें एका फुलांत फार तर सहा बिया धरतात. येथें निसर्गाची एक योजना ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. फूल उमललें कीं परागकोश प्रथम फुटतात व पराग झडून जातो; स्त्रीकेसर त्यानंतर लांब होऊन पराग घेण्यास योग्य होतो. त्यामुळें एका फुलाचा पराग त्याच फुलास बहुधा उपयोगीं पडत नाहीं. मधमाशा व इतर कीटक एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर नेतात, आणि कांद्याचें बीं बहुतांशीं परपरागानेंच धरतें. उलट, एकाच झाडाचा पराग त्याच झाडास पिढ्यान् पिढ्या लावीत गेल्यास कांद्याचा वंश निःसत्त्व होतो, गड्डा लहान राहतो व बींहि कमी येतें.

असे दोन निरनिराळे, शुद्ध केलेले वंश घेऊन त्यांचा संकर केला, तर पहिल्या पिढींत गेलेलें सत्त्व परत येतें. किंबहुना योग्य जोडी जमल्यास पीक एकसारखें व अधिक जोमदार येतें. संकरित बियाण्याचें मर्म तें हेंच. परंतु संकर करावयाचा म्हणजे आईच्या फुलांतील सर्व पुंकेसर, ते फुटण्यापूर्वीं, चिमट्यानें काढून टाकले पाहिजेत. टोमॅटोच्या बाबतींत हें परवडतें. कारण एका फुलावर केलेल्या श्रमाचें फळ म्हणून पुष्कळ बिया हातीं येतात. कांद्याच्या बारीक फुलावर तेवढेच श्रम करून सहाच बिया मिळणार, त्याहि सर्व धरल्या तर! एकरास तीन-चार किलो उळें लागतें. चिमट्यानें इतकें बीं निपजविणें कोणासहि शक्य नाहीं. म्हणून ज्या झाडास मुळांतच पराग येत नाहीं असें झाड मिळालें तर काम सुकर होतें. अशा झाडाच्या अंगच्या या गुणास पुंवंध्यत्व म्हणतात.

शोधाची हकीकत

पुंवंध्य झाड म्हणजे वांझ झाड नव्हे, हें प्रथम लक्षांत घ्यावें. त्याचा स्त्रीकेसर धडधाकट असतो. दुसऱ्या झाडाचा पराग मिळाला तर तें भरपूर बीं देतें. उणीव आहे ती केवळ परागाची. परागकोशाच्या आंतील ज्या अस्तरावर परागकण पोसले जातात तें अस्तर अवेळीं नासतें, कण पोसले जात नाहींत, व परागकोश न फुटतां सुकून जातो.

१९२५ सालीं अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतीं, डेव्हिस येथें, हेन्री जोन्स या संशोधकास इटालियन रेड नांवाच्या तांबड्या कांद्याच्या वाफ्यांत असें एक झाड आढळलें. त्याचे गोंडे पिशवींत बांधून ठेविले असतां त्यांत बीं धरलें नाहीं. सुदैव असें कीं, त्या झाडाच्या गोंड्यांतच फुलांबरोबर बारीक कांदुल्या आल्या. त्या लावून तें झाड जसेंच्या तसें राखतां आलें. १३-५३ हा त्या झाडाचा क्रमांक कांद्याच्या इतिहासांत कायम झाला आहे. पुढें अनेक वर्षें संकर करून व संततीची मोजदाद करून, जोन्स व त्यांचे सहकारी क्लार्क यांनीं या गुणाचा वारसा कसा चालतो याचा उलगडा १९४३ सालीं प्रसिद्ध केला. जगांतील संकरित कांद्याच्या धंद्याचा पाया त्या उलगड्यावर उभा आहे.

ही गोष्ट परदेशापुरतीच आहे असेंहि नाहीं. महाराष्ट्रांतील कांद्यांत आढळलेल्या पुंवंध्यत्वाविषयींचा एक निबंध आपल्याच जिल्ह्यांतील राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाच्या संशोधनपत्रिकेंत १९७३ सालीं छापला गेला. म्हणजे हा गुण आपल्या मातींतल्या कांद्यांतहि आहे. पाहणारा डोळा पाहिजे.

वारसा कसा चालतो

आमचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. तेव्हां हा भाग वारसनोंदीच्या रीतीनें मांडणें आम्हांस सोपें जातें. झाडाच्या प्रत्येक पेशींत दोन प्रकारचीं दप्तरें असतात असें समजा. एक मोठें दप्तर पेशीच्या केंद्रकांत असतें. त्यांतील प्रत्येक नोंद जोडीनें असते. जोडींतील एक प्रत आईकडून व दुसरी बापाकडून येते. या नोंदींस जनुक म्हणतात. दुसरें लहान दप्तर केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रव्यांतील तंतुकणिकांमध्यें असतें. परागकण आपल्याबरोबर बापाचें पेशीद्रव्य बीजांत आणीत नाहीं. म्हणून हें लहान दप्तर फक्त आईकडून येतें. माणसांत मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लागतें. येथें त्याच्या उलट, आईचेंच खातें पुढें चालतें.

पेशीद्रव्य दोन तऱ्हेचें असतें. एक सामान्य, त्यास आपण ‘सा’ म्हणूं. दुसरें वंध्यत्व आणणारें, त्यास ‘वं’ म्हणूं. केंद्रकांतील संबंधित जनुकाच्याहि दोन तऱ्हा आहेत. ‘फ’ हा वंध्यत्वावर मात करून पराग परत आणणारा. ‘न’ हा तसें न करणारा. जोडींत एक जरी ‘फ’ असला तरी त्याचाच अंमल चालतो. यावरून निष्कर्ष असा कीं, झाड पुंवंध्य होण्यास दोन गोष्टी एकदम लागतात: पेशीद्रव्य ‘वं’ पाहिजे, आणि जोडी ‘न-न’ पाहिजे. पेशीद्रव्य ‘सा’ असेल तर जोडी कोणतीहि असो, पराग येतोच.

आतां आई पुंवंध्य, म्हणजे ‘वं, न-न’, धरून बाप निरनिराळे घेऊं व हिशेब मांडूं.

पहिला हिशेब: बाप ‘सा, न-न’. आईकडून ‘वं’ व एक ‘न’, बापाकडून एक ‘न’. सर्व संतति ‘वं, न-न’, म्हणजे सर्वच्या सर्व पुंवंध्य.

दुसरा हिशेब: बाप ‘सा, फ-फ’. सर्व संतति ‘वं, फ-न’. सर्वांस पराग येईल.

तिसरा हिशेब: बाप ‘सा, फ-न’. निम्मी संतति परागवान, निम्मी पुंवंध्य.

चौथा हिशेब: दुसऱ्या हिशेबांतील ‘वं, फ-न’ अशा झाडाचा पराग त्याच झाडास लावला, तर पुढील पिढींत सरासरीनें चारांत तीन झाडें परागवान व एक पुंवंध्य निघेल.

हे चार हिशेब ज्यास समजले त्यास या विषयाचें सार समजलें. पुढें १९६५ सालीं फ्रान्समध्यें निराळ्या प्रकारचें वंध्यत्व आणणारें पेशीद्रव्य सांपडलें व त्यावर चालणारे जनुक एकाहून अधिक असल्याचें १९७३ सालीं दाखविलें गेलें. तेथें हिशेब जरा किचकट होतो, पण रीत हीच.

संकरित बीं कसें निपजवितात

बियाणें करणारे तीन वंश राखतात. पहिला ‘अ’ वंश, तो पुंवंध्य, म्हणजे ‘वं, न-न’. त्यास स्वतःचा पराग नसल्यामुळें तो आपल्या बळावर पुढें चालूं शकत नाहीं. म्हणून त्याचा जोडीदार ‘ब’ वंश ठेवितात. तो इतर सर्व गुणांनीं ‘अ’ सारखाच, परंतु पेशीद्रव्य ‘सा’ असलेला. ‘ब’ चा पराग ‘अ’ वर पडला म्हणजे पहिल्या हिशेबाप्रमाणें पुन्हां ‘अ’ च मिळतो. तिसरा ‘क’ वंश, तो संकराचा बाप. बियाण्याच्या रानांत ‘अ’ च्या चार ते आठ ओळी व मध्यें ‘क’ च्या एक-दोन ओळी अशी लागण करितात. मधमाशा ‘क’ चा पराग ‘अ’ वर नेतात. शेवटीं ‘अ’ च्या ओळींवरचेंच गोंडे काढून जें उळें मिळतें तें संकरित उळें.

यांत कठीण काम आहे तें ‘ब’ शोधण्याचें. कोणतें झाड ‘सा, न-न’ आहे हें बाहेरून दिसत नाहीं, कारण त्यास पराग येतोच. म्हणून एकेका झाडाचा पराग पुंवंध्य झाडास लावावा, त्याची संतति वाढवावी, तिला फुलें येईपर्यंत थांबावें, आणि सर्व संतति पुंवंध्य निघाली तरच तो बाप ‘ब’ म्हणून धरावा. शिवाय त्याच वेळीं त्या बापाचें स्वतःचें बींहि राखलें पाहिजे. कांद्यास बियापासून बियापर्यंत दोन हंगाम लागतात, म्हणून हें काम अनेक वर्षें चालतें. १९९० नंतरच्या दशकांत पानाच्या लहानशा तुकड्यावरून पेशीद्रव्याची जात ओळखण्याच्या प्रयोगशाळेंतील रीती निघाल्या व हा काळ कांहींसा कमी झाला.

इतर भाज्यांतहि या गुणाचा उपयोग झाला आहे. मिरचींतील अशा पुंवंध्यत्वाचा शोध अमेरिकेंत पीटरसन यांनीं १९५८ सालीं प्रसिद्ध केला. तें मूळ झाड हिंदुस्थानांतून गेलेल्या बियाण्याचें होतें, ही गोष्ट आपणांस अभिमानाची तशीच विचार करावयास लावणारी आहे. मुळ्यांत जपानच्या ओगुरा यांनीं १९६८ सालीं तसाच गुण दाखविला व तो पुढें कोबीवर्गांत नेला गेला. पंजाबांत १९८१ सालीं खरबुजाचा पंजाब हायब्रिड-१ हा वाण निघाला. त्यांत वंध्यत्व केवळ केंद्रकांतील जनुकाचें आहे. अशा ठिकाणीं आईच्या ओळींत निम्मीं झाडें परागवान निघतात व तीं वेळीं उपटावीं लागतात. कांदा व मिरची यांत आणखी एक भेद आहे. मिरचीचें फळ धरण्यास परागाची गरज आहे, म्हणून तिच्या संकराच्या बापांत ‘फ’ असलाच पाहिजे. कांद्याचा आपण गड्डा विकतों. संकरित कांदा पुंवंध्य निघाला तरी बाजारांत त्याचें कांहींच बिघडत नाहीं. बिघडतें तें बीं धरणाराचें. आमच्या लेखाचा मुद्दा येथेंच आहे.

घरच्या उळ्यास धोका कोणता

आपल्या देशांत बंगळूर येथील बागाईत संशोधन संस्थेनें अर्का कीर्तिमान व अर्का लालिमा हे संकरित कांदे पुंवंध्यत्वाच्या साहाय्यानें काढले. तरीहि कांद्याचें बहुतेक क्षेत्र एन-२-४-१, बसवंत-७८०, फुले समर्थ, भीमा शक्ति यांसारख्या सरळ वाणांचें व गांवोगांवच्या घरच्या उळ्याचें आहे. हें घरचें उळें ही लहान गोष्ट नाहीं. साध्या साठवणींत कांद्याचें बीं वर्षाच्या पुढें नीट उगवत नाहीं, म्हणून तें दरसाल करावें लागतें. आणि टंचाई पडली म्हणजे त्याची किंमत कळते. २०२० सालीं सरकारास कांद्याच्या बियाण्याची निर्यात बंद करावी लागली, हें वाचकांस स्मरत असेल.

समजा, एखाद्या शेतकऱ्यानें संकरित उळें विकत घेऊन कांदा काढला, गड्डे एकसारखे व मोठे आले, म्हणून त्यांतलेच निवडक कांदे त्यानें मातृकंद म्हणून लाविले. संकराचा बाप ‘न-न’ असेल तर पहिल्या हिशेबाप्रमाणें तें सारें रान पुंवंध्य. गोंडे टपोरे दिसतील, परंतु शेजारीं दुसरा परागवान कांदा नसेल तर बीं नांवालाच येईल. आणि शेजाऱ्याचा पराग येऊन बीं धरलें, तर त्याचा बाप कोण हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. संकराचा बाप ‘फ-फ’ असेल तर पराग येईल, पण चौथ्या हिशेबाप्रमाणें पुढच्या पिढींत सुमारें चौथा हिस्सा झाडें पुंवंध्य निघतील. शिवाय रंग, आकार, पक्वता व टिकाऊपणा हे गुणहि फांकतील. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें आपल्या पिकाचें बीं राखण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला आहे. तथापि कायद्यानें दिलेला हक्क संकराच्या वारसाहिशेबास बदलूं शकत नाहीं.

याहून सूक्ष्म धोका दुसरा आहे. संकरित कांदे घरच्या मातृकंदांत थोडे मिसळले गेले, तर पुंवंध्य झाडांस घरच्या कांद्याचा पराग मिळून भरपूर बीं धरतें. तें सर्व बीं आईकडून ‘वं’ पेशीद्रव्य घेऊन येतें. पुढच्या वर्षीं आपण मातृकंद निवडतांना मोठा, गोल, डौलदार कांदा निवडतों. आणि संकराचा जोम ज्यांत आहे तोच कांदा मोठा दिसतो. अशा रीतीनें आपणच आपल्या हातानें ‘वं’ चें खातें वाढवीत जातों. शेंकडा एक-दोन झाडें पुंवंध्य असलीं तर कांहीं बिघडत नाहीं. इतरांचा पराग त्यांस पुरतो. पण प्रमाण वाढत गेलें तर रानांत परागच अपुरा पडतो व बीं घटतें. एकाच तऱ्हेच्या पेशीद्रव्यावर सारी भिस्त ठेवण्याचें भय मक्याच्या उदाहरणानें जगास कळलें आहे. १९७० सालीं अमेरिकेंत बहुतेक संकरित मका टेक्सास नांवाच्या एकाच पुंवंध्य पेशीद्रव्याचा होता. त्या पेशीद्रव्यासच लागू पडणारा पानांचा करपा आला आणि सुमारें १५ टक्के पीक बुडालें.

काय करावें

पहिली गोष्ट, उळें घेतांना तें सरळ वाणाचें कीं संकरित, हें पिशवीवर वाचावें व पावती जपून ठेवावी. संकरित उळें घेण्यास आमची हरकत नाहीं. खर्चाच्या मानानें उत्पन्न येत असेल तर तें अवश्य घ्यावें. परंतु त्यापासून मातृकंद धरूं नयेत, व त्याचे कांदे चाळींत निराळे ठेवावे.

दुसरी गोष्ट, बियाण्याचा प्लॉट दुसऱ्या कांद्याच्या फुलोऱ्यापासून निदान अर्धा किलोमीटर दूर असावा. एक किलोमीटर मिळाल्यास उत्तम. शेतें लहान असल्यामुळें हें एकट्यानें साधत नाहीं. वस्तीवरच्या चार शेतकऱ्यांनीं मिळून एकच वाण बियाण्यास धरला तर प्रश्न बराच सुटतो.

तिसरी गोष्ट, फुलोऱ्याची तपासणी करावी. दंव वाळल्यानंतर, दहाच्या सुमारास, उमललेला गोंडा काळ्या फडक्यावर हलकेच झटकावा. परागवान झाडाची पिवळी भुकटी फडक्यावर दिसते. पुंवंध्य झाडाचे परागकोश हिरवट, पारदर्शक व चिमलेले असतात आणि भुकटी पडत नाहीं. फुलें क्रमानें उमलत असल्यामुळें एका दिवसाच्या पाहणीवरून निकाल देऊं नये. संशयित झाडास दोरा बांधून तीन-चार दिवस पुन्हां पाहावें.

चौथी गोष्ट, बीं कमी धरलें म्हणजे पुंवंध्यत्वच आहे असें समजूं नये. फुलोऱ्यांत औषध फवारून मधमाशा मेल्या, उन्हाचा तडाखा बसला, फुलकिडे वा करपा आला, तरी बीं कमी होतें. पराग दिसतो आणि बीं नाहीं, तर दोष दुसरीकडे शोधावा. उलट पराग नाहीं व बीं मात्र भरपूर आहे, तर तें झाड खात्रीनें पुंवंध्य, आणि त्यास पराग देणारे शेजारी चांगले, असें समजावें. म्हणून तपासणी बियावरून नव्हे, परागावरून करावी.

पांचवी गोष्ट, घरचा वाण शुद्ध राखावयाचा असेल तर दोरा बांधलेल्या झाडाचे गोंडे पिकण्यापूर्वींच काढून टाकावे. परंतु संकरिताशीं कधीं संबंध न आलेल्या जुन्या घरच्या वाणांत असें झाड आढळलें, तर तें उपटूं नये. राहुरी येथील विद्यापीठास, किंवा पुणें जिल्ह्यांतील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संस्थेस तें अवश्य कळवावें. डेव्हिसच्या वाफ्यांतील एका झाडावरून एवढा मोठा धंदा उभा राहिला. आपल्या हवेंत, आपल्या करप्यास तोंड देत वाढलेल्या कांद्यांतील तसें झाड देशास अधिक मोलाचें ठरूं शकेल.

आमच्या सभासदांनीं येत्या फुलोऱ्यांत आपापल्या प्लॉटांतील शंभर गोंडे मोजून त्यांत पुंवंध्य किती निघाले हें एका वहींत लिहून ठेवावें, व पुढील वर्षीं त्याच उळ्याच्या प्लॉटांत पुन्हां मोजावें. दोन वर्षांचे आंकडे शेजारीं मांडले म्हणजे घरचें उळें कोणत्या दिशेनें चाललें आहे, हें ज्याचें त्यास कळेल.